मृगाच्या आधी घर शाकारताना: पत्रा, कौल, भिंत आणि मदतीचे अर्ज

वळवाचा पहिला पाऊस आला की गल्लीतली माणसं दारात उभी राहून मातीचा वास घेतात. मी खडू घेऊन घरात शिरतो. छतातून थेंब पडला की खाली भांडं ठेवायच्या आधी वर वाशावर खूण करायची. कारण थेंब पडतो तिथं भोक नसतं. पाणी दीड-दोन हात वर कुठंतरी शिरतं, वाशाच्या कडेनं घरंगळत येतं आणि जिथं गाठ किंवा खिळा लागेल तिथं सुटतं. कोरड्या दिवशी माणूस बोलावला तर तो खालच्या डागाच्या बरोबर वर डांबर फासतो, पैसे घेतो आणि जातो. आर्द्रा लागल्या की त्याच जागी पुन्हा बादली.

हे लिहितोय ते कोल्हापूर शहरात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी, आणि करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडच्या मातीच्या भिंतींच्या कौलारू घरांसाठी. मी उद्यमनगरात बरीच वर्षं फॅब्रिकेशनचं काम केलं. पत्रे बसवले आणि वाऱ्यानं उडालेले गोळाही केले. अर्ज भरायला मात्र उशिरा शिकलो, आणि नुकसान सोसून शिकलो.

सरकारी मदतीचं गणित आधी समजून घ्या. नवं घर बांधायचं तर घरकुल आहे. घर पडलं तर नुकसानभरपाई आहे. पण जे घर उभं आहे, गळतंय, ज्याची भिंत फुगलीय, त्याला म्हणावा असा वाली नाही. अमेरिकेत १९७६ पासून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी यावरच एक सरकारी कार्यक्रम चालतो. माणूस येऊन आधी घर तपासतो, थंडी-ऊन कुठून शिरतं ते मोजतो आणि मग फटी बुजवणं, छताला अस्तर घालणं अशी कामं फुकट करून देतात. म्हातारी माणसं, अपंग आणि लहान मुलं असलेल्या घरांचा नंबर आधी. आपल्याकडं एका खिडकीवर असं काही मिळत नाही. गोधडीसारख्या चार ठिकाणच्या चिंध्या जोडाव्या लागतात. पण त्यांची एक सवय घेण्यासारखी आहे: पैसा काढायच्या आधी घर तपासायचं.

एप्रिलात अर्धा दिवस काढा

भर दुपारी दारं-खिडक्या लावून घरात अंधार करा आणि वर बघा. पत्र्यात किंवा कौलात जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खूण. मग बाहेर या आणि घराला एक प्रदक्षिणा घाला. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूला जास्त वेळ थांबा, कारण पावसाळ्यातली झड तिकडूनच बसते.

वासा जिथं भिंतीत शिरतो तिथं जुना स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवीनं किंवा ओलीनं लाकूड खाल्लंय. बाहेरून वासा धडधाकट दिसतो, आत भुसा असतो. मातीच्या भिंतीचा कोपरा सुटलाय का, म्हणजे दोन भिंतींच्या सांध्यात वरून खाली भेग गेलीय का, ते बघा. भिंतीच्या कडेला डोळा लावून बघितलं की पोट आलंय का ते कळतं. भिंतीचा खालचा हातभर भाग ओला किंवा पोखरलेला असेल तर ती खूण सगळ्यात वाईट.

आता क्रम लावा. जिवावर बेतणारं आधी: फुगलेली भिंत, कुजलेला वासा, उघडी वायर, सैल पत्रा. गळती त्यानंतर. गळतीनं अंथरूण भिजतं. भिंत रात्री अंगावर येते. तरी दरवर्षी लोक आधी गळतीवर पैसे घालतात, कारण ती डोळ्यांना दिसते आणि टपटप करून झोपू देत नाही.

कागद आणि फोटो, कामाच्याही आधी

ग्रामपंचायतीकडून घराचा नमुना नंबर ८ चा उतारा काढा, ज्याला आपण घरठाण उतारा किंवा असेसमेंटचा उतारा म्हणतो. इथं बऱ्याच जणांची फेरी वाया जाते. तलाठ्याकडं मिळतो तो ८ अ, तो शेतजमिनीच्या खात्याचा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. शहरात प्रॉपर्टी कार्ड किंवा महापालिकेची घरफाळ्याची पावती. झोपडपट्टीत राहत असाल तर जो काही पुरावा असेल तो, वीजबिलापासून रेशनकार्डापर्यंत सगळा, एका पिशवीत.

उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज आत्ताच द्या. पावसाळ्यात घर पडल्यावर भावकीत सह्या गोळा करायला लागलात तर पंचनामा एका नावावर आणि बँक खातं दुसऱ्या नावावर, अशी गत होते. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही बँकेत विचारून घ्या. मदत थेट खात्यात येते आणि न जोडलेल्या खात्यावर अडकते.

मग फोटो. चारही बाजूंनी बाहेरून, प्रत्येक खोली आतून, छत खालून, आणि एक फोटो असा की घर आणि शेजारचं ओळखू येईल असं काहीतरी, मंदिर, पाण्याची टाकी, विजेचा खांब, एकाच चौकटीत येईल. मोबाइलवर तारीख आणि ठिकाण उमटणारा कॅमेरा असेल तर उत्तम. फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. फोन पाण्यात गेला तरी फोटो राहतात.

हे मला २०२१ च्या जुलैनं शिकवलं. गावाकडं आमच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. ओसरल्यावर आम्ही शहाण्यासारखं दोन दिवसांत चिखल काढला, घर धुऊन काढलं, भिजलेलं सगळं नदीकडं टाकून दिलं. तिसऱ्या दिवशी परड्याकडची भिंत बसली. आई म्हणाली, “आधी रस्ता मोकळा कर, म्हशीला जागा नाही.” मी भिंतीची माती परड्यात ओढली. आठवड्यानं पंचनाम्याला माणूस आला तेव्हा घर स्वच्छ आणि भिंतीच्या जागी ताडपत्री. तो म्हणाला, “भिंत होती कशावरून?” माझ्याकडं एक फोटो नव्हता. भिंतीचे पैसे मिळाले नाहीत. चूक त्याची होती की माझी यावर आमच्या घरात अजून वाद होतो.

पैसे कुठून जमतात

गावात पहिली जागा ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा नियम ग्रामपंचायतीला आहे. जिल्हा परिषदेच्या उपकरातही समाजकल्याणासाठी २० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवतात, महापालिकेलाही दिव्यांगांचे ५ टक्के लागू आहेत. या पैशातून काय द्यायचं ते वर्षावर्षाला ठरतं, म्हणून मागणी लेखी नोंदवावी लागते. ‘घराचे पत्रे मिळावेत’ एवढं एका कागदावर लिहून, घरात कोण दिव्यांग आहे, कोण विधवा आहे ते नमूद करून, फोटो जोडून, आवक क्रमांक घालून पोच घ्या. १ मेच्या ग्रामसभेत तोच विषय तोंडी मांडा आणि इतिवृत्तात लिहायला लावा. उभं राहून बोलायची लाज वाटते हे मला माहीत आहे. दोन-तीन घरांनी मिळून मागितलं की ती कमी होते.

शेतकरी असाल, नावावर गुंठाभर का होईना जमीन असेल, तर पंचायत समितीच्या कृषी विभागात ताडपत्रीचं अनुदान चालू आहे का विचारा. बांधकामावर, सेंट्रिंगवर काम करणाऱ्यानं बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी करून घ्यावी: वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. मंडळाकडं घरासाठीच्या अर्थसाहाय्यासकट बऱ्याच योजना आहेत आणि नोंदणी नसेल तर त्यातली एकही लागू होत नाही. गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. त्या सहसा नोंदणीच करत नाहीत.

घरकुलाचं वेगळं. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये, डोंगरी भागासाठी १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या रकमेत ५० हजारांची भर जाहीर झाली. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३ पासून मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत. शहरात प्रधानमंत्री आवासच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. ग्रामपंचायतीत जाऊन ‘ड यादीत (घरकुलासाठी नोंदवलेल्या घरांची यादी) माझं नाव आहे का, आणि २०२५ च्या आवास प्लस सर्वेक्षणात आलंय का’ हे दोनच प्रश्न विचारा. आणि नमुना ८ ची प्रत बरोबर ठेवा.

एक इशारा. पहिला हप्ता मे महिन्यात आला म्हणून जुनं घर पाडू नका. पुढचे हप्ते बांधकामाचा टप्पा पुरा होऊन त्याचा जिओटॅग, म्हणजे ठिकाण उमटलेला, फोटो चढल्याशिवाय येत नाहीत. आमच्या ओळखीत एका घरानं जोत्यापर्यंत बांधून पूर्ण पावसाळा गोठ्यात काढला. शक्य असेल तर शेजारी नवं उभं करा. जागा तेवढीच असेल तर दिवाळीनंतर हात घाला.

उरलेले पैसे बचत गटातून उचला. गटाच्या अंतर्गत कर्जाचं व्याज गटातच राहतं. दर आठवड्याला दारात हप्ता मागायला येणाऱ्या कर्जातून पत्रे घेऊ नका.

पत्र्याचं घर

वळवाचा वारा जूनच्या पावसापेक्षा पत्र्याला जास्त घातक. पाऊण तास येतो आणि खालून आत शिरून पत्रा उचलतो. म्हणून पत्र्यावर दगड, टायर, जुनं जातं ठेवायची पद्धत आपल्याकडं आहे. ती सोडा. वजन वारा अडवत नाही. पत्रा उचकटला की तोच दगड खालच्या अंथरुणावर येतो.

पत्रा टिकतो तो हुकावर. जे-हुक पत्र्याच्या उंचवट्यावरूनच घ्यायचा, नळीच्या खोलगटात भोक पाडलं की तिथून पाणी येणारच. नटाखाली आधी डांबरी वायसर आणि त्यावर लोखंडी, नट घट्ट पण पत्रा चेपेल इतका नाही. छताच्या मधल्या भागात हुक थोडे लांब चालतात, पण वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना एक उंचवटा सोडून एक हुक हवाच. वारा कडेवरूनच पत्रा सोलतो. वळचण फूट-सव्वा फुटाच्या पुढं काढू नका. सावली मिळते, पण वाऱ्याला पकडायला जागाही मिळते.

नवे पत्रे टाकताना वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून सुरुवात करा. आपल्याकडं वारा पश्चिमेचा, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या कडेला, आणि पुढचा प्रत्येक पत्रा त्यावर चढवत पश्चिमेकडं या. मग सांध्याची उघडी कड पूर्वेला राहते आणि झडीचं पाणी तिच्यात घुसत नाही. बाजूचा सांधा दीड नाळीचा, म्हणजे पत्र्याच्या दीड लाटेचा, खालीवरचा सांधा किमान सहा इंच. गवंडी घाईत असला की एका नाळीवर भागवतो. शिडीवर चढून मोजा, वाईट दिसलं तरी चालेल.

लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात पत्रा घेताना ‘भारीतला द्या’ म्हणू नका. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि बिलावर लिहून घ्या, ०.३५ आणि ०.५० दिसायला सारखेच असतात. भंगारवाल्याकडचे जुने पत्रे वाईट नसतात, फक्त उन्हाकडं धरून भोकं मोजा, आणि जुनी भोकं नव्या वाशांवर येतील का ते मापून मगच घ्या.

जुन्या पत्र्याचं भोक बुजवायचं तर तारेच्या ब्रशनं गंज खरवडा, मांजरपाटाची पट्टी डांबरात बुडवून चिकटवा आणि वरून पुन्हा डांबर. नुसतं डांबर एका उन्हाळ्यात तडकतं, कापडामुळं धरून राहतं. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो इशारा न देता फुटतो. दोन वाशांवर फळी टाकून फळीवरच बसा. आणि तो कोरडा कापू किंवा भोसकू नका; जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं, धूळ छातीत जाते. पाणी मारून काम करा, नुसत्या फडक्यानं ही धूळ अडत नाही.

सगळंच नवं घालायला पैसे नसतील तर ताडपत्री. घेताना जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारा; दोनशेच्या खालची छतावर एक पावसाळाही धड काढत नाही. आणि फुकटातला माल म्हणजे आपल्या कोल्हापूरचे डिजिटल बोर्ड. एवढे वाढदिवस दुसऱ्या कुठल्या गावात होत असतील असं वाटत नाही. फ्लेक्स एक हंगाम चांगला निघतो. पुढाऱ्याचा चेहरा खाली, पांढरी बाजू वर. उन्हाची तिरीप परत जाते आणि रात्री झोपताना साहेब वरून बघत असतात, त्याला इलाज नाही. कडांना बांबूची पट्टी घालून तारेनं बांधा, नुसती दोरी कापते.

कौलारू घर

आपल्याकडं याला कौलं चाळायची म्हणतात. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत उरकायचं. चाळणाऱ्या हाताचे लोक कमी राहिलेत, म्हणून एप्रिलातच सांगून ठेवा. गल्लीतल्या चार घरांनी एकत्र बोलावलं तर तो येतो तरी.

कौल काढलं की बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द वाजलं तर चीर आहे, दिसत नसली तरी. असलं कौल गोठ्याला वापरा. प्रत्येक कौलाच्या मागच्या नळीत धूळ आणि शेवाळ साचून पाणी उलटं चढतं. निम्मी गळती या घाणीची असते, फुटक्या कौलांची नाही. म्हणून कौल नवं घेण्याआधी ब्रशनं नळ्या साफ करा. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतात, त्यावरून किती आणायची ते काढा. आणि वीस-पंचवीस जादा आणून परड्यात उभी रचून ठेवा. श्रावणात माकडं आणि नारळाची झावळी दोघंही कौलं फोडतात, आणि तेव्हा जुन्या मापाचं कौल कुठं मिळत नाही.

कौलं उतरली आहेत तोवर रिपा बघा. एकाही कुजलेल्या रिपेवर पुन्हा कौल ठेवू नका. आढ्याची कौलं चुना-वाळूच्या मसाल्यात बसवा. निव्वळ सिमेंट घातलं की पुढच्या वर्षी काढताना कौलं फुटतात. कुठल्याही परिस्थितीत ओल्या कौलांवर चढू नका.

भिंत

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. माती पाणी पिते आणि सोडते; सिमेंट तिचा श्वास कोंडतं. ओल आत साठते, दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्यामागं भिंत किती पोकळ झालीय ते पडेपर्यंत कळत नाही. मातीला माती: चाळलेली माती, भाताचं बारीक तोडलेलं पिंजर किंवा भुसा, चार-सहा दिवस भिजवून तुडवलेली. त्यावर चुना.

खरं काम भिंतीच्या पायाशी आहे. पागोळ्या जिथं पडतात तिथून पाणी उडून जोत्यावर बसतं आणि भिंत खालून विरघळते. तिथं वीतभर खोल चर काढून दगडगोटे भरा आणि पाणी उतारानं घरापासून लांब काढा. एवढं एक काम, घरचीच चार माणसं, एक दिवस, आणि खर्च जवळजवळ शून्य. मला कुणी एकच काम सांगा म्हटलं तर मी हे सांगतो. चुलीची राख आणि खरकटं पाणी भिंतीच्या कडेला टाकायचं बंद करा, हेही त्यातच आलं.

पश्चिमेच्या भिंतीला आडोसा हवा. गगनबावड्याकडं, जिथं आठ-आठ दिवस झड थांबत नाही, तिथली जुनी घरं बघा. कामट्यांच्या चौकटीत उसाचा पाला किंवा पिंजर बांधून भिंतीपासून हातभर लांब उभं करतात. फट महत्त्वाची. भिंतीला चिकटवलं तर ओल अडकते. चुलीच्या बाजूला मात्र पाला नको, तिथं जुना पत्रा किंवा फ्लेक्स.

भिंतीला पोट आलं असेल, कोपरा सुटला असेल तर हे सगळं सोडा आणि त्या भिंतीला टेकू लावा, त्या बाजूला झोपायचं बंद करा. पाऊस आठवडाभर लागून राहिला की पलीकडच्या भिंतीकडं अंथरुणं न्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं ज्या कोपऱ्यात झोपतात तोच कोपरा बऱ्याच घरांत सगळ्यात जुना असतो.

वीज आणि ऊन

ओला पत्रा आणि सोललेली वायर एकत्र आली की अख्खं घर विजेचं होतं. कपडे वाळत घालायची तार पत्र्याच्या हुकाला बांधलेली असते, तिला हात लावून माणसं गेलेली आहेत. तार काढा, नायलॉनची दोरी लावा. जिथं वायर पत्र्यातून आत येते तिथं पाइपाचा तुकडा घाला. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, लावून घ्या आणि अर्थिंग वायरमनकडून तपासा. घरातल्या सगळ्या खर्चात हा मी शेवटी कापेन. खांबावरची तार सैल दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. सिमेंटच्या पत्र्याला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या, फेविकॉल घालून. खोली लगेच निवते. लोखंडी पत्र्यावर चुना पहिल्या वळवात वाहून जातो, तिथं प्रायमर आणि पांढरा रंग. भिंत आणि छत यांच्यामधली वरची फट पूर्वेकडून उघडी ठेवून जाळी मारा, गरम हवा तिथून निघते. थंड देशात फटी बुजवतात म्हणून आपणही बुजवायच्या नाहीत. घरात चूल असेल तर अजिबातच नाही, धूर कोंडतो.

नदीच्या पट्ट्यात असाल तर

चिखली, आंबेवाडी, शहरातला सुतारवाडा, शिरोळकडची गावं यांना वरचं अर्धं लागू नाही. तिथं घर भक्कम करण्यावर मर्यादेपेक्षा पैसा घालू नका, सामान वर न्यायची सोय करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. त्या दोन्ही वर्षी बंधाऱ्यावर नदी किती फुटांवर असताना तुमच्या घरात पाणी शिरलं ते शेजाऱ्यांना विचारून दारावर रंगानं लिहून ठेवा. बातमीतला आकडा मग तुमच्या उंबऱ्याच्या भाषेत कळतो. आमच्या तालमीतली पोरं हा आकडा घराघरांत विचारत फिरली, तेव्हा कळलं की एकाच गल्लीत दोन फुटांचा फरक आहे.

कागदांची पिशवी प्लॅस्टिकच्या डब्यात, धान्य माळ्यावर, गॅसची टाकी बंद करून बांधून, जनावरं ३९ लाच बाहेर. घरकुल बांधायच्या आधी जागा पूररेषेत येते का तेही विचारा. निळ्या पूररेषेच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि हप्ता तिथंच अडतो.

पाणी ओसरल्यावर मातीचं घर लगेच उघडू नका. भिजलेली भिंत पाण्यात असताना उभी राहते, पाण्याचा आधार गेला की आणि वाळायला लागली की बसते. आमचीही तिसऱ्याच दिवशी बसली.

नुकसान झालंच तर

पहिलं काम फोटो, चिखल काढायच्या आधी. दुसरं, त्याच दिवशी तलाठी आणि ग्रामसेवक यांना लेखी कळवणं. नव्या नावानं ते ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर लागतो, तिथंही नोंद करा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात, तो आकडा अर्जात लिहिता आला तर लिहा. 

आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. अंशतः पडझड, म्हणजे किमान १५ टक्के, असेल तर पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्याला ४ हजार. झोपडीला ८ हजार, गोठ्याला ३ हजार. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं तर कपड्यांसाठी २ हजार ५०० आणि भांड्यांसाठी तेवढेच. मोठ्या पुरानंतर राज्य सरकार कधी वाढवून देतं, पण हिशेब या आकड्यांवर धरा.

आकडे वाचले की कळतं, सगळा जीव ‘अंशतः’ आणि ‘पूर्ण’ या दोन शब्दांत आहे. पंचनामा होताना स्वतः हजर राहा. कुठली भिंत पडली, किती फूट, आढं सरकलंय का, राहण्याजोगं उरलंय का, हे बोटानं दाखवा आणि जुने फोटो समोर धरा. गोठा आणि घर वेगळे असतील तर दोन्ही नोंदवायला सांगा, बहुतेक वेळा गोठा राहून जातो. शेजारचे दोन पंच सही करतात, त्यांना आधीच घरी बोलावून चहा पाजा. कामावर गेलेला पंच संध्याकाळपर्यंत सापडत नाही. सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला मोठ्यानं वाचायला लावा. कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या.

याद्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतात. नाव नसेल, किंवा ‘पूर्ण’ च्या जागी ‘अंशतः’ लिहिलं असेल, तर त्याच आठवड्यात तहसीलदारांच्या नावे अर्ज, फोटो जोडून, दोन प्रतींत. एक त्यांना. दुसरीवर शिक्का घेऊन ती पुन्हा त्याच प्लॅस्टिकच्या डब्यात.